मोर पुन्हा थांबला

मोराची मान भरून झाली होती, पिसाऱ्यातला पहिला डोळा नुकता सुरू केला होता, आणि तेवढ्यात माऊसचा बाण थांबला. शिवलीलेनं माऊस उचलून पुन्हा टेकवला. बाण जागचा हलला नाही. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळही थांबलं होतं. तिनं दोनचार कळा दाबून पाहिल्या. पडदा काळा झाला नाही की चूक झाली म्हणून काही लिहून आलं नाही. अर्धा मोर तसाच समोर उभा राहिला, कुणीतरी बोलता बोलता गप्प व्हावं तसा.

ती त्याच्याकडे बघत बसली. मागच्या वर्षी असं झालं असतं तर तिनं कपाळाला हात लावला असता, स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली असती, आणि आतून आई म्हणाली असती, "बंद कर ते डबडं आणि जेवायला ये." आता तिला राग आला नाही. रडूही आलं नाही. तिनं बटण दाबून धरलं, आतला पंखा गप्प झाल्यावर सोडलं आणि पुन्हा दाबलं. शेवटचं जतन केलेलं उघडलं तेव्हा मोराला मानच नव्हती.

शिवलीला पंचिंग करायची. बंगळूरच्या चिकपेटेतल्या अरुंद गल्ल्यांत, दुकानांच्या वरच्या मजल्यांवर कम्प्युटर एम्ब्रॉयडरीची मशिनं चालतात. एका ओळीत सुया, प्रत्येक सुईखाली एकेका ब्लाउजची पाठ. पण मशीनला चित्र कळत नाही. पहिला टाका कुठं पडायचा, धागा कुठल्या अंगानं वळायचा, आधी जरतार की आधी रेशीम, कापड आवळू नये म्हणून खालून किती आधार द्यायचा, हे सगळं कुणीतरी आधी कम्प्युटरवर टाका टाका मांडून द्यावं लागतं. त्यालाच पंचिंग म्हणतात. शिवलीलेच्या मोरांची मान आखडत नाही, असं चिकपेटेत बोललं जायचं. तिच्या लग्नाचं बोलणं कधीच मागं पडलं होतं. पस्तिशी ओलांडली तसं नातेवाइकांनी विचारायचं सोडलं, आणि घरात ती, आई आणि अप्पा असं तिघांचं बरं चाललं होतं.

अप्पासाहेब, तिचे वडील, निपाणीकडचे. तरुणपणी सरकारी कारखान्यात लागले म्हणून बंगळूरला आले ते इथलेच झाले. जयनगरात धनलक्ष्मीअम्मांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता, त्यालाही आता खूप वर्षं झाली. चैत्रात एका सकाळी आई, अंबूबाई, दुधाची पिशवी घेऊन वर येता येता जिन्यात बसली. दम खाते आहे असं वाटलं. ती बसली ती बसलीच.

त्यानंतर घरात आवाज कमी झाले. अप्पा खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसायचे आणि पान उलटायचं विसरायचे. शिवलीला वरणभात करायची, दोघं जेवायची, ती भांडी घासायची. पुण्याहून अजिंक्यचा, तिच्या धाकट्या भावाचा, दर आठवड्याला फोन यायचा.

"लीला, सिरियसली सांगतो, अप्पांना इकडे आणू. तूही ये. एक रूम रिकामीच आहे. तिथं आता काय उरलंय?"

अप्पांना विचारलं तर ते म्हणायचे, "बघा तुम्ही." धनलक्ष्मीअम्मांना महिनाअखेरीला सांगायचं होतं, राहताय की जाताय. शेवटी तिनं भावाला सांगून टाकलं, "तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होतो. हातातलं काम टिकलं तर राहू. नाहीतर येऊ." म्हणताना तिला दोन्ही सारखंच वाटलं होतं.

काम म्हणजे चंद्रकांतअण्णांचं. चिकपेटेतल्या जुन्या शिंपी घराण्यातले. त्यांची मराठी पिढ्यान्‌पिढ्या कन्नडात भिजलेली. एका मोठ्या लग्नघरातून त्यांच्याकडे नवरीचा आणि तिच्याकडच्या सगळ्या बायकांच्या ब्लाउजांचा संच आला होता. पाठीवर मोर, बाह्यांवर पोपट. पाठी आणि बाह्या दोन्हींचं पंचिंग शिवलीलेकडे होतं. ते नीट झालं असतं तर सबंध हंगाम तिच्याच हाती राहिला असता.

आणि नेमका आताच कम्प्युटर हँग व्हायला लागला होता. दिवसातून एकदा, कधी चारदा, कधी अजिबात नाही. पिसागणिक जतन करायची सवय तिनं लावून घेतली होती. पण परवा जतन करता करताच तो थांबला आणि सगळी फाइलच बिघडली.

फोन वाजला. "अक्का, मोर आला काय?" चंद्रकांतअण्णा. मागं मशिनांचा खडखडाट. "मशीन रिकामी बसून आहे बघ. स्वल्प बेग बेग कर गं, जरा लवकर."

"कम्प्युटर हँग होतोय, अण्णा."

"सरी, हँग होऊ दे. नवरी हँग होत नाही ना. तिचं लग्न ठरल्या दिवशीच आहे."

संध्याकाळी तिनं कृष्णातला फोन लावला. कृष्णात तिचा मामेभाऊ, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत दुसऱ्यांचे कम्प्युटर लांबून दुरुस्त करायच्या कामावर. शनिवारी-रविवारीही तिकडून जयनगरला येणं म्हणजे त्याला गावाला गेल्यासारखं वाटायचं, म्हणून सगळा कारभार फोनवर.

"अक्का, बंद करून चालू केलास काय?"

"केला."

"मग माझं शिक्षण संपलं."

ती हसेल म्हणून तो थोडा थांबला. पलीकडून हसू आलं नाही तसा त्याचा आवाज उतरला. "बरं. कधीपासून होतंय?"

"दसऱ्यानंतर."

"दसऱ्याला काय बदललं? नवीन काही टाकलंस? अपडेट आलं? प्रिंटर जोडलास?"

"काही नाही. यंदा घरात सणच नव्हता."

"हं." शिवलीलेची आई ही कृष्णातची आत्या. आत्याचा तो लाडका होता. "काम जड असलं की होतं काय?"

"कधीही होतं. मोर भरताना होतं. काल काहीच करत नव्हते, चहा घ्यायला उठले तेवढ्यात झालं."

"मग ऐक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदललीस आणि बरं झालं, तर कशानं बरं झालं ते कळायचं नाही. एक बदल, दिवसभर बघ, पहिल्यासारखं कर, मग दुसरं. घाई केलीस की फसलीस."

हा नियम शिवलीलेला मानवला. चैत्रापासून एका दिवसात एकापेक्षा जास्त गोष्ट तिच्यानं होतच नव्हती.

पहिल्या दिवशी तिनं पंचिंगचा प्रोग्रॅम उघडलाच नाही. नुसता कम्प्युटर चालू ठेवला आणि पडद्यासमोर घेवडा निवडत बसली. दुपारी घड्याळ थांबलं. म्हणजे प्रोग्रॅमचा दोष नाही. दुसऱ्या दिवशी यूपीएसमधून काढून वायर थेट भिंतीत लावली. तरी थांबला. मग तापमान. कृष्णातनं सांगितलेला आकडा पडद्यावर दिसत ठेवला, तो चढतो का बघत राहिली. आकडा शहाण्यासारखा जागच्या जागी राहिला आणि कम्प्युटर थांबला.

"ताप नाही," कृष्णात म्हणाला, "म्हणजे डोक्यातच काहीतरी आहे. आमच्या मॅनेजरसारखं."

मग डिस्क तपासली, ती ठीक निघाली. डिस्कची केबल बदलली. त्यानंतर दीड दिवस कम्प्युटर चालला, आणि त्या दीड दिवसात तिनं मोराचा एक पंख पुरा केला. अप्पांनी वर्तमानपत्राच्या आडून विचारलं, "झालं काय?" ती म्हणाली, "बघते." त्यांच्यात हल्ली इतकंच बोलणं होत असे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर ती येऊन बसली, माऊसला हात लावला, आणि मोर पुन्हा थांबलेला होता.

त्या दिवशी ती बराच वेळ उठली नाही. बाहेर कार्तिकातला बारीक पाऊस लागला होता. समुद्रावर कुठं वादळ झालं की बंगळुरात चार-पाच दिवस असं ओलं, राखी पडून राहतं. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती लागत नव्हती. हे सगळं तिला ऐकू येत होतं, पण काचेपलीकडून आल्यासारखं. पुण्याला जावं, तिच्या मनात आलं. तिथं एक रूम रिकामी आहे. विचार आला आणि पडद्यावरच्या बाणासारखा तिथंच राहिला.

चंद्रकांतअण्णांचा पुन्हा फोन आला. या वेळी ते ओरडले नाहीत. "अक्का, शुक्रवारपर्यंत बघतो," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आता रॅम," कृष्णात म्हणाला. "दोन पट्ट्या असतील, दोन खाचांत बसवलेल्या. प्लग काढ, मग आधी लोखंडी कपाटाला हात लाव, अंगातली वीज जाऊ दे. आणि एक पट्टी काढ."

कम्प्युटरचा डबा टेबलाखाली पाटावर आडवा ठेवलेला होता. फरशी पुसताना पाणी लागू नये म्हणून आईनंच तो तसा ठेवला होता. उभा ठेवायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं तर ती म्हणायची, "दिवसभर राबतं बिचारं, पडू दे की आडवं." शिवलीला गुडघ्यांवर बसली. वरचं जाळीचं झाकण काढलं. खिडकीकडची खाच आणि भिंतीकडची खाच. तिनं खिडकीकडची पट्टी काढून रुमालात ठेवली.

भिंतीकडच्या एकट्या पट्टीवर कम्प्युटर तासाभरात थांबला. तिनं ती पट्टी काढली आणि त्याच खाचेत दुसरी बसवली. तिच्यावरही थांबला. मग खिडकीकडच्या खाचेत पहिली बसवली. संध्याकाळपर्यंत चालला. दुसऱ्या दिवशी तिथंच दुसरी बसवून पाहिली. तीही दिवसभर चालली.

"म्हणजे सुना दोन्ही गुणाच्या," कृष्णात म्हणाला, "भिंतीकडच्या घरातच खोट आहे."

"मग एकाच पट्टीवर चालवू?"

"चालेल. पण तुझा मोर उघडेल काय?"

मोर उघडला नाही. इतक्या टाक्यांची पाठ एका पट्टीला पेलत नव्हती.

"त्या खाचेत टॉर्च मारून बघ," कृष्णात म्हणाला. "काही वाकलंय, जळलंय, काय ते."

केबल बदलताना तिनं झाकण काढलं होतं, तेव्हा केबलच पाहिली होती. आता तिनं मोबाइलचा उजेड खाचेच्या कडेला धरला. वाकलेलं काही नव्हतं. खाचेच्या टोकाशी, सोनेरी काड्यांच्या बुडाशी, एक लालसर दाणा रुतून बसला होता. आजूबाजूला लाल वाळलेलं काहीतरी, ओलं असताना ओघळून आत उतरलेलं. तिनं धागे काढायचा चिमटा आणला आणि दाणा ओढून काढला. दुसरा दाणा त्याच्याखालीच होता. मग तिला दिसत गेले. पंख्याच्या पायाशी, वायरींच्या जुडग्यात, पत्र्याच्या कोपऱ्यात. धुळीनं करडे झालेले. वर्तमानपत्रावर तिनं ते एकेक करून ठेवले.

अक्षता होत्या.

खंडेनवमीला आई घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करायची. इथं तर गल्लीतल्या रिक्षांपासून कारखान्यांपर्यंत सगळीकडे करतात, पण आईचं निपाणीचं आणि इथलं असं दोन्ही मिळून असायचं. शिलाई मशीन, मिक्सर, फ्रीज, अप्पांची स्कूटर, आणि हा कम्प्युटर. बोटाच्या टोकानं हळदकुंकू, वर एक शेवंतीचं फूल. अक्षता ती यंत्रावर टाकायची नाही, समोर पाटावर वाहायची. यंदा वर्षाच्या आत सण करायचा नव्हता. त्या दिवशी शिवलीला चिकपेटेला गेली होती, आणि घरी अप्पा एकटे होते.

ती उठली. शिलाई मशीनपाशी गेली. चाकावर कुंकवाचा मोठा, वेडावाकडा टिळा होता, सुकून तडकलेला. मिक्सरच्या बुडावर होता. फ्रीजच्या दारावर, मुठीच्या वर. हा फ्रीज ती रोज उघडत होती. मिक्सरमध्ये सकाळीच तिनं चटणी वाटली होती. दसऱ्यापासून हे टिळे इथंच होते, आणि तिला दिसले नव्हते. ती फ्रीजसमोर उभी राहिली.

अप्पा भाजी घेऊन आले. पिशवी ठेवता ठेवता त्यांनी वर्तमानपत्रावर पाहिलं. मग उघड्या डब्याकडे.

"यानंच बंद पडत होता?"

"हं."

ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "तुझी आई टाकायची की."

"आई आत नव्हती टाकत, अप्पा. समोर ठेवायची."

"मला कुठं माहीत," अप्पा म्हणाले. "मी मागं उभा असायचो. हात जोडून."

खाली दाराची कडी वाजली, कुणीतरी आत आलं, पुन्हा शांत झालं.

"आणि यंदा करायचं नव्हतं ना?" तिनं विचारलं. रागावून नव्हे, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माणसांनी करायचं नसतं," अप्पा म्हणाले. "यंत्रांना कसला दुखवटा? तिनं एक वर्ष चुकवलं नव्हतं." मग दाण्यांकडे बघत, "कुंकू फार पातळ झालं होतं. पाणी किती घालायचं ते कळेना."

कृष्णातला सांगितल्यावर तो पहिल्यांदा काही विनोद करू शकला नाही. मऊ ब्रश आण, औषधाच्या दुकानातून स्पिरिट आण, हळूच खाच पूस, वाळू दे, पट्ट्यांच्या सोनेरी कडा खोडरबरानं घास, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. शिवलीलेनं तसं केलं. ब्रशच्या टोकाला गुलाबी रंग येत राहिला. अप्पा टॉर्च धरून उभे राहिले, आणि उजेड खाचेवरून सारखा सरकत होता. "नीट धरा," ती म्हणाली. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं.

दोन्ही पट्ट्या जागी बसल्या. त्या दिवशी कम्प्युटर थांबला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाऊस चालूच होता. शिवलीलेनं मोर पुरा केला, पिसाऱ्यातला प्रत्येक डोळा वेगळ्या दिशेनं वळवून, आणि शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन मेट्रोनं चिकपेटेला गेली.

वरच्या मजल्यावर सगळ्या सुया चालू होत्या. प्रत्येक सुईखाली मोर होता. तिचा नव्हता. ती जवळ जाऊन वाकली. मान आखडलेली होती, गळ्यापाशी टाके दाटून कापड वर आलं होतं.

"ठाऊक आहे मला," मागून चंद्रकांतअण्णा म्हणाले. "मान बघून मलाच मान दुखते. पण काय करू सांग की. शुक्रवार गेला."

"हो."

"झालेलं काय तरी कम्प्युटरला?"

"आत अक्षता पडल्या होत्या."

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला. "अक्षता? लग्न लावलंस काय गं त्याचं?"

मशीनवरचे दोघंतिघं हसले. शिवलीलेच्या ओठाचा कोपरा हलला, तो हसण्यासाठी की कशासाठी, तिलाच कळलं नाही. अण्णांनी तिचा पेनड्राइव्ह घेतला, मोर पडद्यावर उघडून बराच वेळ पाहिला आणि परत दिला.

"पाठी गेल्या," ते म्हणाले. "बाह्या राहिल्यात. पोपट. पुढच्या कामाचं मी आज काही बोलत नाही, उगाच शब्द द्यायला नको. बाह्या घेतेस?"

"घेते."

जयनगरला उतरून ती चालत घरी आली. निम्मं काम गेलं होतं आणि हंगामाचा भरवसा नव्हता. भावाला तिनं जे सांगितलं होतं त्याप्रमाणे हे काम टिकलं म्हणायचं की गेलं म्हणायचं, याचा ती रस्ताभर विचार करत होती, आणि तो पुढं सरकत नव्हता. फाटकाशी धनलक्ष्मीअम्मा ओली पानं झाडत होत्या. त्यांनी झाडू थांबवून कन्नडात विचारलं, "एनु लीला, इर्तीरा?" राहताय ना?

"इर्तीवि," शिवलीला म्हणाली. राहतोय.

शब्द तोंडातून गेल्यावर तिला तो ऐकू आला. धनलक्ष्मीअम्मांनी मान डोलावली, "सरी" म्हणाल्या आणि पुन्हा झाडू लागल्या. इतक्या दिवसांचा प्रश्न होता, आणि एवढ्यात संपला.

वर अप्पा दारातच होते. "मोर?"

"दुसऱ्याचा घेतला. मला बाह्या मिळाल्या."

"मग?"

"खाली सांगून आले. राहतोय म्हणून."

अप्पांनी तिच्या हातातली छत्री घेतली, बाहेर गॅलरीत उघडून ठेवली आणि पाणी ओघळेपर्यंत तिथंच उभे राहिले. आत येऊन म्हणाले, "अजिंक्यला कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा."

"मी? मी काय सांगू?"

"काहीही सांगा. तुम्ही सांगितलेलं तो ऐकेल."

ती कम्प्युटरपाशी बसली आणि पोपटाची चोच आखायला घेतली. आतल्या खोलीत अप्पांनी फोन लावला. आधी त्यांनी पुण्यातल्या थंडीची चौकशी केली. मग नातवाच्या खोकल्याची. मग इथल्या पावसाचं सांगितलं, घेवडा महाग झाल्याचं सांगितलं. मग ते बराच वेळ नुसतं ऐकत होते, मधूनमधून हुंकार देत. शिवलीलेचा हात चोचीच्या टोकाशी येऊन थांबला होता.

"नाही रे," अप्पा म्हणाले. "बघा तुम्ही, असं मी म्हणत होतो, पण मला यायचं नाही." आणि मग, पलीकडून काहीतरी विचारलं असावं, "हो, तिलाही नाही. ती काम करतीय."

शिवलीलेनं चोच पुरी केली.